पाठीवर बसण्याआधीची तीन वर्षं

घोडा शिकवायला कधी घ्यायचा, असं विचारलं की बहुतेक जण 'अडीच-तीन वर्षांचा झाला की' असं सांगतात. म्हणजे खोगीर टाकण्याजोगा झाला की. तोवर शिंगरू आईमागे फिरतं, अंगणात बागडतं, पोरं त्याला गूळ चारतात, आणि मग एके दिवशी चाबुकस्वाराला निरोप जातो. तो येतो तेव्हा त्याच्यासमोर अडीचशे-तीनशे किलोचं, कधी धड न बांधलेलं जनावर उभं असतं. दोन माणसं दोन बाजूंनी दोर धरतात, तिसरा कान पिळतो आणि शाळा सुरू होते.

खरं तर ती शाळा केव्हाच सुरू झालेली असते. मान झटकली की दोर सुटतो, मागचा पाय उगारला की माणूस लांब होतो, अंगावर धावून गेलं की पोरं पळतात आणि हातातला गूळ खाली पडतो, हे सगळं त्या शिंगरानं आपल्याकडूनच शिकलेलं असतं. आपण शिकवतोय हे आपल्या ध्यानात आलेलं नसतं, इतकंच. चाबुकस्वाराचा अर्धा वेळ हे धडे पुसण्यात जातो, आणि पुसताना बसलेला मारही घोडा विसरत नाही.

ज्यांच्या दारात एखाददुसरी घोडी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हौशी शेतकरी, वरातीचा घोडा राखणारे, माथेरान-महाबळेश्वरासारख्या ठिकाणी घोड्यावर पोट असलेले. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर रेसची शिंगरं सांभाळायला पगारी माणसं असतात आणि त्यांचं वेळापत्रकही निराळं असतं. त्यांची गोष्ट इथे नाही.

आधी आईला हात लावा

घोडीचे दिवस साधारण अकरा महिन्यांनी भरतात आणि ती बहुधा रात्रीच विते. शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत आचळाला लागावं आणि घोडीची वार तीन तासांच्या आत पडावी. यातलं काही लांबलं तर सकाळची वाट न बघता पशुवैद्यकांना फोन करायचा. चिकाबाबत तर अजिबात हयगय नको. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईकडून रोगप्रतिकाराची शिदोरी जवळजवळ मिळतच नाही. ती चिकातून मिळते, आणि ती रक्तात घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या दिवसभरातच सरते. नाळेला पशुवैद्यकांनी सांगितलेलं जंतुनाशक लावायचं आणि मग बाजूला व्हायचं.

हे बाजूला होणंच जमत नाही. नुकतं जन्मलेलं शिंगरू म्हणजे सगळ्या घराचं कौतुक. त्यात रॉबर्ट मिलर या अमेरिकन पशुवैद्यकानं १९९१ साली पुस्तक लिहून एक पद्धत जगभर नेली: जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच शिंगराला धरून त्याचं सगळं अंग, कान, तोंड, खूर चोळायचे, ते विरोध थांबवेपर्यंत चोळत राहायचं. असं केलं की ते जन्मभर माणसाला बुजणार नाही, असा त्यांचा दावा. पुढे इतरांनी तपासून पाहिलं तेव्हा हा फायदा फारसा टिकत नाही असं दिसलं. शिवाय ज्या वेळी शिंगरानं आचळ शोधायचं, घोडीनं त्याला चाटून ओळखायचं, नेमक्या त्या वेळी माणूस मध्ये घुसतो.

याहून सोपी आणि माझ्या मते शहाणपणाची गोष्ट फ्रान्समधल्या रेन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडली. त्यांनी शिंगराला हातच लावला नाही. जन्मानंतरचे पहिले पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, शिंगरासमोर त्याच्या आईला हळुवार खरारा केला आणि हातानं खाऊ घातलं. ही शिंगरं माणसाजवळ लवकर येऊ लागली, हात लावू देऊ लागली. आणि इतर शिंगरांच्या मानानं हा फरक ती वर्षाची झाली तरी दिसत होता. आई ज्याच्याजवळ निवांत उभी राहते तो प्राणी धोक्याचा नाही, एवढं शिंगराला पुरतं.

आपल्याकडच्या मेंढपाळांना हे कोणी सांगावं लागलं नाही. ज्या भीमथडी घोड्यांची अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ते धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर भीमेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. घोडीच्या पाठीवर संसार लादलेला, तिच्या बाजूनं शिंगरू मोकळं चालतंय, पुढे-मागे मेंढरं, कुत्री, शेजारून जाणारे ट्रक. शिकवणारी आई आणि शिकवणी चालता चालता.

याची दुसरी बाजू अशी, की बिथरणारी घोडी तिची भीतीही शिंगराला तितक्याच लवकर देते. तुमची घोडी खराऱ्याला उभी राहत नसेल, पाय देत नसेल, तर तिच्या गाभणपणाचे महिने हातात आहेत. ते तिच्यावर खर्च करा. विल्यानंतर तिला शिकवायला गेलात तर शिंगरू शेजारी उभं राहून सगळं बघत असेल.

हात कधी काढायचा

चौथ्या-पाचव्या दिवसापासून शिंगराशी ओळख सुरू करता येते. त्याच्याकडे सरळ समोरून चालत जायचं नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण कपाळाच्या ऐन पुढचं, नाकाखालचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. समोरून आलेला हात त्याच्या लेखी एकदम उगवतो. घोडीशेजारी तिला खाजवत उभं राहायचं, अंग थोडं आडवं ठेवायचं, आणि शिंगराला स्वतःहून येऊ द्यायचं. ते येतंच. शिंगराइतकं चौकस जनावर दुसरं नसेल.

पहिला स्पर्श तोंडाला नको. मान जिथे पाठीला मिळते तिथे उंचवटा असतो. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते बरोबर तिथेच. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात हेही मोजून झालेलं आहे. बोटांच्या टोकांनी खाजवायचं, थोपटायचं नाही. थोपटणं माणसाला आवडतं. शिंगराला त्यातून काय समजतं कोण जाणे. वरचा ओठ लांब होऊन थरथरू लागला, मान वाकडी झाली, की बरोबर जागा सापडली.

आता मुख्य मुद्दा. दाब आला तेव्हा नव्हे, दाब गेला तेव्हा शिंगरू शिकतं. हात, दोर, पाठीमागून येणारं माणूस, नुसतं रोखून बघणं, हे सगळे त्याच्या दृष्टीनं कमी-अधिक दाबच. तो ज्या क्षणी निघून जातो, त्या क्षणी आपण जे करत होतो तेच बरोबर होतं, अशी गाठ त्याच्या डोक्यात बसते. तुम्ही पोटावर हात ठेवला, त्यानं अंग चोरलं, तुम्ही दचकून हात काढला, तर अंग चोरणं पक्कं झालं. तोच हात हलका ठेवून त्याच्याबरोबर दोन पावलं सरकलात, ते क्षणभर थांबलं आणि त्याच क्षणी तुम्ही हात काढलात, तर थांबणं पक्कं झालं. हा सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा आहे. उशीर झाला तर शिंगरू तोवर दुसरंच काही करू लागलेलं असतं आणि बक्षीस त्याला मिळतं.

यातच एक पथ्य आहे. हात टिकवून धरायचा तो हलका, आणि शिंगराला झेपेल तिथेच. ते जिवाच्या आकांतानं पळत असेल तर चूक आपली. आपण दोन पायऱ्या गाळल्या. पुन्हा उंचवट्यापाशी परतायचं. तिथून पाठ, पुठ्ठे, पोट, पायांचा वरचा भाग, मग खालचा. कान, ओठांच्या कडा, शेपटीखालची जागा शेवटी. पण या जागा टाळायच्या नाहीत, कारण पुढे कानात गोचीड निघेल, तोंडात औषधाची पिचकारी द्यावी लागेल, थर्मामीटर लावावा लागेल. दोन्ही बाजूंनी सारखंच करायचं. एका बाजूनं ओळखीचं झालेलं माणूस दुसऱ्या बाजूनं आलं की शिंगरू नव्यानं बुजतं, याचं पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरतात. शिंगरू कंटाळायच्या आत थांबायचं, म्हणजे उद्या ते आपणहून येईल.

म्होरकी आणि बागडोर

दोन-तीन आठवड्यांचं झालं की म्होरकी घालून बघायला हरकत नाही. मऊ सुताची किंवा पट्ट्याची, त्याच्या मापाची. आईची जुनी म्होरकी गाठी मारून लहान करून घालतात ती सरकून डोळ्यावर येते. नाकाच्या पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, कडा गालाच्या हाडावर घासू नये. काम संपलं की काढून ठेवायची. मोकळ्या शिंगराच्या तोंडावर म्होरकी ठेवली तर मागच्या पायानं कान खाजवताना खूर तिच्यात अडकतो आणि मान मुरगळते. शिंगरू भराभर वाढतं, तेव्हा पट्टा दर आठवड्याला बघावा लागतो.

पहिली चूक इथे होते. बागडोर लावली, पुढे उभं राहिलं आणि ओढलं. शिंगरू मागे ओढतं, कारण डोक्यावर आलेल्या ओढीला विरोध करणं हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. माणूस जोर करतो, शिंगरू मागच्या पायांवर उभं राहतं आणि पाठीवर कोसळतं. डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटून शिंगरं दगावलेली आहेत. कोवळ्या मानेच्या मणक्यांना झालेली इजा तर कधी कधी महिन्यांनी, चाल डळमळू लागल्यावर कळते.

म्हणून सुरुवात पुढे ओढण्यापासून न करता बाजूला वळवण्यापासून करायची. शिंगराच्या खांद्याशी उभं राहून बागडोरीला आडवा, अगदी करंगळीचा ताण द्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. वाढवायचा नाही, झटका द्यायचा नाही. शिंगरू इकडे-तिकडे मान करेल, आणि कधीतरी मान ताणाच्या दिशेला येईल. लगेच ढील. पुन्हा तसंच. थोड्या वेळानं मानेबरोबर पुढचा पायही तिकडे पडतो. तोल गेल्यानं पडलेलं ते एक पाऊल म्हणजेच दोराबरोबर चालण्याची सुरुवात. दुसऱ्या बाजूनंही तेच.

पुढे चालायला आईची मदत घ्यायची. दुसऱ्या माणसानं घोडी पुढे न्यायची, आपण शिंगराबरोबर मागे. एक लांब, मऊ दोर शिंगराच्या पुठ्ठ्यामागून फिरवून त्याची टोकं हातात धरली की ढकलणं मागून येतं आणि डोकं मोकळं राहतं. सोलापुरी चादरीची घडीही या कामी चालते. पाऊल पुढे पडलं की पुठ्ठ्यावरचा दोर सैल. चार-पाच पावलं, मग थांबायचं, खाजवायचं. हळूहळू आधी बागडोरीचा हलका इशारा, मग गरज पडली तरच पुठ्ठ्याला दोर, असा क्रम लावला की काही दिवसांत मागच्या दोराचं काम उरत नाही. थांबणं आणि दोन पावलं मागे जाणं हेही याच वयात शिकवायचं. मागे जाणारा घोडा माणसाच्या अंगावर येत नाही. बागडोर हाताला गुंडाळून मात्र कधीही धरायची नाही, शिंगरू कितीही लहान असलं तरी.

बांधणं ही पुढची गोष्ट. जे ताणाला मान देतं तेच बांधायला योग्य. जे अजून ओढतं त्याला खुंट्याशी बांधलं तर ओढायला एक ठाम आधार मिळतो, एवढंच. दूध तुटेपर्यंत तरी घाई नको. पहिल्या वेळी जागा मोकळी, जमीन न घसरणारी, कडी त्याच्या पाठीहून उंच हवी. कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा अडकवून त्याला बागडोर बांधली तर झटका आला तरी तो ट्यूब खाते. गाठ सुरगाठच, एका ओढीत सुटणारी. आणि माणूस शेजारी. आपल्याकडे आगाडी-पिछाडी लावून चारी पाय जखडून उभं करायची रीत जुनी आहे. पागेत शेकडो घोडे ओळीनं उभे राहायचे तेव्हा तिला काही अर्थ होता. दारातल्या एका शिंगराला दिवसभर तसं ठेवणं म्हणजे वाढत्या हाडांना आणि स्नायूंना लागणारी हालचालच तोडणं.

नालबंदाचं काम सोपं करा

नालबंदाकडे लोक फार अपेक्षेनं बघतात. त्यानं यावं, न शिकलेल्या शिंगराचा पाय धरावा, खूर कापावा आणि शिंगरू शहाणं करून जावं. त्याचं काम खूर कापणं आहे. पाय देणं शिकवायचं काम आपलं.

खांद्यावरून हात खाली फिरवत गुडघ्यापर्यंत, मग नळीवर. शिंगरानं वजन दुसऱ्या पायावर घेतलं एवढ्यावरही हात काढायचा. मग खूर जमिनीपासून बोटभर उचलायचा आणि ते ओढायच्या आत आपणच खाली ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. ओढून घेतलाच तर पुन्हा उचलून, एक क्षण शांत धरून, खाली. मागचा पाय उचलताना पुठ्ठ्याला खेटून उभं राहावं. लांबून हात पुढे केला तर लाथेचा पुरा पल्ला आपल्याला मिळतो. पाय फार वर किंवा बाहेर ओढू नये. शिंगराचा तोल कच्चा असतो आणि बऱ्याचदा खोडी वाटते ती निव्वळ पडण्याची भीती असते. नंतर तळव्याला बोटांनी ठोकायचं, कानस नुसती फिरवायची.

महिना-दोन महिन्यांचं असताना एकदा नालबंदाला खूर दाखवावेत आणि पुढे चार ते सहा आठवड्यांनी बघत राहावं. पाय थोडे आत-बाहेर वळलेले असतील तर ते सुधारण्याची संधी पहिल्या काही महिन्यांतच असते, कारण खालच्या सांध्यांजवळची वाढ लवकर संपते. या वयात नाल मात्र नको.

गूळ, चावणं आणि इतर लाड

दोन महिन्यांच्या शिंगरानं पुढचे पाय माणसाच्या खांद्यावर टाकले की सगळे हसतात, व्हिडिओ काढतात. दोन वर्षांनी तोच नर हेच करेल तेव्हा खांदा मोडेल. मोठ्या घोड्यात जे चालणार नाही ते लहानपणीही चालू द्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं. हातातून गूळ देणं बंद. द्यायचाच तर बादलीत, चंदीबरोबर. नर शिंगरं खेळताना चावतातच. त्याच्या तोंडावर फटका मारला तर त्याला तो खेळाचा भाग वाटतो आणि ते डोकं चुकवून पुन्हा चावायला शिकतं. त्यापेक्षा ते तोंड पुढे करायला लागताच त्याला दोन पावलं मागे सरकवायचं, रोज, न चिडता. मोठे घोडे ही शिस्त आपल्यापेक्षा चांगली लावतात: मोठ्याजवळ जाताना शिंगरू मान पुढे करून जबडा उघडमीट करतं ते बघितलं असेल, ते नमतं घेणं आहे. बाटलीच्या दुधावर, माणसांतच वाढलेलं अनाथ शिंगरू म्हणूनच पुढे सगळ्यात धोक्याचं निघतं. त्याला दुसरा घोडा, निदान शांत म्हातारी घोडी मिळेल असं बघावं.

दूध साधारण सहा महिन्यांनी तोडतात. त्या आठवड्यात दुसरं काहीही नवं करू नका. जागा बदलणं, लस, पहिल्यांदा बांधणं आणि आई तोडणं हे सगळं एकदम आलं की शिंगरू खाणं सोडतं. ओळखीच्या जागेत, ओळखीच्या घोड्याबरोबर ठेवून घोडीला लांब नेलेलं बरं. धनुर्वाताची लस आणि जंताचं औषध यांचं वेळापत्रक पशुवैद्यकांकडून लिहून घ्या. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो आणि शेणाच्या आवारात, गंजक्या तारांत वाढणाऱ्या शिंगराला तो धोका रोजचा आहे. नर आणि मादी शिंगरं वर्षाच्या आत वेगळी करावीत. ज्यापासून पैदास घ्यायची नाही तो नर दोन वर्षांचा व्हायच्या आत पशुवैद्यकांकडून खच्ची करून घ्यावा. आपल्याकडे हा विषय काढला की मालकाचा चेहरा पडतो, पण लग्नाच्या गर्दीत लहान मुलांमध्ये उभा राहणारा घोडा अंडील असावा हा हट्ट मला कधी कळला नाही.

ट्रॅक्टर, बँड, फटाके

सुमारे २३५० वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोडेस्वारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. शिंगरू शिकवायला देताना, पोराला गुरूकडे घालताना करतात तसा, त्यानं काय काय शिकून परत यावं याचा लेखी करार करा असं तो सांगतो. पण शिक्षकाकडे देण्याआधी घरच्यांनी काय करायचं तेही सांगतो: शिंगराला गर्दीतून न्या, नाना तऱ्हेचे आवाज आणि वस्तू दाखवा, आणि ते घाबरलं तर रागावू नका, यात घाबरण्यासारखं काही नाही हे त्याला कळू द्या.

करायचं कसं? लांबून. ट्रॅक्टर चालू आहे. शिंगराचे कान तिकडे वळतात पण चारा चघळणं थांबत नाही, ते अंतर योग्य. चघळणं थांबलं, मान ताठ झाली, नाकपुड्या फुगल्या, की आपण फार जवळ आलो. तिथेच उभं राहायचं. मान खाली आली, जबडा सैल पडला की वळून लांब जायचं. लांब जाणं हे इथलं बक्षीस, तेव्हा ते शांत झाल्यावरच द्यायचं. मेंढ्यांचा कळप, एसटी, वाऱ्यावर फडफडणारा प्लास्टिकचा कागद, सगळ्याला हीच रीत. आणखी एक हिकमत: भीतीदायक वस्तू शिंगराकडे आणण्याऐवजी ती त्याच्यापासून लांब जाऊ द्यायची आणि आपण मागून चालायचं. पुढे पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणारं शिंगरू तिला कसं घाबरणार? सावकाश जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे किंवा ओढत नेलेल्या गोणपाटामागे चालवून बघा. पाण्याचं डबकं, ओढा, पूल मात्र शांत घोडीच्या मागून ओलांडावेत.

बुजल्याबद्दल मारायचं नाही. ट्रॅक्टर दिसला की पाठीवर वळ उठतो, एवढाच हिशेब शिंगरू मनात लिहितं आणि पुढच्या वेळी अधिक बुजतं. वरातीसाठी राखलेल्या घोड्यांच्या बाबतीत हे फार घडतं. तीन वर्षं गोठ्यात आणि मग थेट डीजेच्या भिंतीसमोर. बाजावर नाचवण्यासाठी काही ठिकाणी खुंटांच्या मध्ये जखडून पायांवर चाबूक मारत शिकवतात. त्या नाचाला टाळ्या पडतात, पण तो घोडा जवळून बघितलात तर डोळ्याचा पांढरा भाग दिसत असतो.

हाडं, दात आणि पाठीवरचं वजन

शिंगरू दीड वर्षात उंचीनं जवळपास घोड्याएवढं होतं आणि तिथे आपण फसतो. हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात, त्या खालून वर मिटत जातात. खुराजवळच्या पहिल्या वर्षात, गुडघ्याच्या वरच्या साधारण अडीच वर्षांपर्यंत, खांदा-मांडीच्या तीन-साडेतीनपर्यंत, आणि पाठीच्या मणक्यांच्या सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. ज्या जागेवर आपण बसतो तीच सर्वांत उशिरा पक्की होते. रेसचे घोडे दोन वर्षांचे असतानाच धावतात हे खरं, पण तो त्या धंद्याचा हिशेब आहे. तुमच्या घोड्यानं पंचवीस वर्षं जगावं आणि वीसपर्यंत चालावं अशी इच्छा असेल तर तो हिशेब उसना घेऊ नका. हाडाला हालचाल हवीच, तीही भरपूर आणि मोकळी. दोरावर गोल गोल पळवणं मात्र दोन वर्षांच्या आत टाळावं, नंतरही मोठ्या वर्तुळात आणि दहा-पंधरा मिनिटांच्या वर नको. लहान वर्तुळात आतल्या पायाच्या सांध्यांवर वाकडा भार येतो.

दोन वर्षांनंतर करण्यासारखं पुष्कळ आहे. पाठीवर रिकामं पोतं, मग घोंगडी, मग पट्टा, मग हलकं खोगीर. तंग एकदम आवळायचा नाही. एक भोक, चार पावलं, पुन्हा एक भोक. तंग पहिल्यांदाच करकचून बसला की घोडा पोट फुगवायला, चावायला शिकतो, आणि ती खोड सहसा जात नाही. मग लांब दोन दोर म्होरकीला लावून मागून चालत त्याला वळायला, थांबायला शिकवायचं. गल्लीतून, बांधावरून, एकटं. पाठीवर बसण्याआधीच सुकाणू तयार होतं.

लगामाची तोंडातली कडी घालण्याआधी पशुवैद्यकांकडून दात बघून घ्या. दाढांच्या पुढे वर एक बारीक, निरुपयोगी दात पुष्कळ घोड्यांना असतो. त्यावर कडी आदळली की घोडा डोकं उडवतो आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. तो काढून टाकता येतो. शिवाय अडीच ते साडेचार या वयात दुधाचे दात पडून पक्के येत असतात; हिरड्या दुखऱ्या असतात. त्या काळात बरंचसं काम म्होरकीवर करता येतं. काटे, खिळे असलेला लगाम तर ओझी वाहणाऱ्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे वापरताच येत नाही, तरी जत्रांमध्ये तो उघड टांगलेला दिसतो. काटेरी लगामाची गरज वाटते तेव्हा म्होरकीचा धडा राहून गेलेला असतो.

तीन पूर्ण झाल्यावर हलक्या माणसानं आधी नुसतं पोटावर आडवं पडायचं, उतरायचं. मग बसायचं, उभ्या घोड्यावर. मग दुसऱ्यानं बागडोर धरून चालीनं दहा पावलं. चौथं वर्ष संपेपर्यंत आठवड्यातून तीन-चार दिवस, वीसेक मिनिटं, बहुतांशी चाल आणि थोडी दुडकी. पूर्ण वाढलेल्या घोड्यालाही खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर ओझं नसावं. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सत्तर किलो, त्यात खोगीर आठ-दहा किलोचं. कोवळ्याला याहून बरंच कमी. हा हिशेब पर्यटनस्थळी पाळला तर काही गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागेल, हे मला माहीत आहे.

जत्रेतून आणलं असेल तर

हे झालं घरच्या घोडीच्या शिंगराचं. पण पुष्कळांचं शिंगरू येतं ते मार्गशीर्षात, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून किंवा माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतून, आठ-दहा महिन्यांचं, टेम्पोत चढवून. घेताना लोक भोवरे मोजतात, देवमण शोधतात, कान जुळतात का बघतात. बघाच, पण त्याबरोबर चारी पाय उचलून बघा, दोर सैल सोडून चालवून बघा, कानाला हात लावून बघा. ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा. तो नसेल तर पशुसंवर्धन खात्यामार्फत रक्ताचा नमुना पाठवता येतो, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची चाचणी होते. या रोगावर लस नाही, बाधित जनावर कायद्यानं मारावं लागतं, आणि तो माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव किंवा अंगावर गाठी असतील तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका.

घरी आणल्यावर तीन आठवडे तरी इतर घोड्यांपासून वेगळं, पण त्यांना बघता येईल इतक्या अंतरावर ठेवा. बादली, खरारा, म्होरकी त्याची वेगळी. चंदी एकदम बदलू नका. आधीच्या मालकाकडे काय खात होतं ते विचारून तेच सुरू ठेवा आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू आपल्यावर आणा, नाहीतर पोटशूळ उठतो. पहिले काही दिवस शिकवायचं काहीच नाही. चारा-पाणी ठेवून तिथेच बसायचं, मोबाइल बघितला तरी चालेल. ते स्वतःहून येऊन हुंगू लागलं की त्याचं वय विसरून उंचवट्यावरच्या खाजवण्यापासून सुरुवात करायची, जणू ते पाच दिवसांचं आहे. दहा महिन्यांचं शिंगरू या पायऱ्या लवकर चढतं. फक्त ते ओढायला लागलं तर आता जोर त्याचा जास्त असतो, म्हणून पहिले धडे चार बाजूंनी बंद, छोट्या आवारात द्या आणि बागडोर लांब घ्या.